नाना, प्रश्न लिहून ठेवलाय

नाना, प्रश्न लिहून ठेवलाय. फोनमध्ये, आपल्या ग्रुपच्या चौकटीत, अख्खा टाइप करून. पाठवायचं बटण तेवढं दाबलेलं नाही. सोनगीरहून तुमच्या उत्तरकार्याचं जेवून आले, साडी बदलली, चहा केला, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आहे. रविवारची दुपार आहे, घरात कुणी नाही. सगळं जुळून आलंय, माझी हिंमत तेवढी आलेली नाही.

तुमच्याशी बोलायचं म्हणजे पहिल्यापासून सांगायचं, हा तुमचा कायदा. तर तुम्हांला माहीत असलं तरी पहिल्यापासून सांगते. मी ज्या ऑफिसात आहे तिथं आम्ही जळगावच्या केळीवाल्यांसाठी आणि कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी प्रोग्राम लिहितो. गाडीचं वजन, घट, पावती, बिल. मी तिथं लागले तेव्हा माझे केस काळे होते, आणि तेव्हाच्याच भाषेत मी आजही लिहिते. आता आमच्या ऑफिसच्या शेठना सगळं मोबाइलवर हवंय. त्याला नवी भाषा लागते, नवी पद्धत लागते. उद्या सकाळी ठरणार, नव्या कामावर कोण आणि जुन्याच्या फोनवर कोण. फोनवर म्हणजे दिवसभर "मॅडम, प्रिंट निघत नाही" ऐकायचं आणि "प्रिंटर चालू आहे का?" विचारायचं. तिथं बसवलेलं माणूस परत आत येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या मीटिंगला मी सगळ्यांसमोर ठोकून दिलं की मला नवं जमतंय. नाना, नाही हो जमत.

अडलेय तेही कुठं, तर अगदी पहिल्या पायरीला. एका ओळीत मी सांगते, काट्यावरचं वजन घेऊन ये. पुढच्या ओळीत सांगते, ते दाखव. दाखवतं तर कोरं. वजन येतं, पण मागाहून येतं, तोवर माझा प्रोग्राम पुढं निघून गेलेला असतो. जुन्या भाषेत एक ओळ पुरी झाल्याशिवाय दुसरी हलायची नाही. माझं सगळं डोकं त्याच वळणाचं झालंय. हा प्रश्न कॉलेजच्या पोरांना पडतो, आणि मी पडले ग्रुपची अॅडमिन. प्रश्न कसा विचारावा याचे धडे मी जगाला देते. त्याच ग्रुपात जाऊन मीच असलं विचारायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी तुम्हांला म्हटलं होतं. तुम्ही लगेच म्हणालात, "मूठ झाकी ठेवशी तं जेवशी कसं, माय?"

यावर मी तुमच्यावर चिडले होते. आपलं बहुतेक सगळं असंच चालायचं.

तुम्ही ग्रुपात आलात तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी तुम्हांला काढूनच टाकणार होते. अमळनेरला क्लास चालवणारे बोरसे सर आणि मी, आम्ही दोघांनी हा ग्रुप काढलेला. खान्देशातल्या ज्या पोरांना प्रोग्रामिंग शिकायचंय आणि इंग्रजीचा धाक वाटतो, त्यांनी इथं मराठीत विचारावं. नियम मी लिहिले होते, चांगले ठसठशीत. आधी स्वतः शोधा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, तिन्ही लिहा. स्क्रीनचा फोटो टाकू नका, एररचे शब्द टाका. 'अर्जंट' म्हणू नका, तुमची घाई ही दुसऱ्याची घाई नव्हे. आणि नुसतं 'हाय' नाहीतर 'कुणी आहे का' लिहून वाट पाहत बसू नका. प्रश्न थेट लिहा, ज्याला येईल तो सवडीनं सांगेल. हे काही माझ्या मनचं नाही, जगभर जिथं जिथं प्रोग्रामर लोक एकमेकांना विचारतात तिथं तिथं हीच रीत आहे. लोक आपलं काम सोडून फुकट उत्तरं देतात, त्यांच्या वेळेची कदर नको?

आणि आलात तुम्ही. "राम राम मंडळी. कोनी शे का?" एवढं लिहून गप्प. कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं, "जेवणं झाली का सगळ्यांची?" मग एक फोटो. फोटोत तुमच्या कॉम्प्युटरचा पडदा तिरपा, त्यात छताचा पंखा, कोपऱ्यात तुमचा अंगठा, आणि काचेत बनियन घातलेले तुम्ही स्वतः. खाली लिहिलेलं, "चालत नाही. अर्जंट." एका दमात माझे सगळे नियम मोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. बोरसे सरांनी मला वेगळा मेसेज केला, "ताई, हे गृहस्थ काढू का?" मी म्हटलं, थांबा, आधी हजेरी घेते. आणि घेतली. तुम्ही वाचलंत आणि लिहिलंत, "बरं मॅडम, चुकलं. बाकी सगळं ऐकतो. पण राम राम म्हणू द्या."

त्या राम रामवरून आपण शेवटपर्यंत भांडलो. मी म्हणायचे, नमनाला घडाभर तेल कशाला? तुम्ही म्हणायचात, तेल माझं जातंय ना? मग एकदा तुम्ही मला नीट समजावलंत. म्हणालात, "शैला, मी कुणाकडे कुदळ मागायला गेलो, तर उंबऱ्यावरूनच 'कुदळ द्या' म्हणेन का? आधी राम राम. मग तो म्हणेल, या, बसा. मग पाणी. मग पाऊसपाणी, पोराचं लग्न, बैलाचं दुखणं. आणि उठता उठता मी म्हणेन, हां, ती कुदळ होती का हो? आपल्याकडे मागणं असतं ते उठताना. ही पोरं त्याच घरांतली आहेत. ती 'राम राम' लिहितात आणि 'बसा'ची वाट पाहतात. तुमच्याकडे कुणी बसाच म्हणत नाही. पोरं उंबऱ्यावरूनच परत जातात, आणि तुम्हांला वाटतं, बघा, नियमामुळे ग्रुप कसा स्वच्छ झालाय."

मला हे पटलं नव्हतं असं नाही. पण पटलंय हे तोंडानं सांगणं माझ्या कुंडलीतच नाही. मी म्हटलं, नाना, सगळ्यांनी असं बैलाचं दुखणं विचारत बसायचं ठरवलं तर कामं कधी करायची? तुम्ही म्हणालात, मी रिटायर आहे, मी बसतो. आणि खरंच बसलात. त्यानंतर ग्रुपात कुणी राम राम केला की तुमचं उत्तर ठरलेलं, "राम राम, बसा. कोणतं गाव?" मग तो सांगणार असोदा, नाहीतर पारोळा, नाहीतर साक्री. मग तुम्हांला तिथं कुणीतरी ओळखीचं निघणार. माझं डोकं उठायचं. असोद्याचा एक मुलगा आला तेव्हा तुम्ही त्याला भर ग्रुपात सांगितलंत, "तुमच्याच गावची माहेरवाशीण इथली मालकीण आहे, घाबरू नको." मालकीण म्हणे! मला इतका राग आला, आणि इतकं बरंही वाटलं.

आपण पहिल्यांदा समोरासमोर भेटलो ते अमळनेरला, बोरसे सरांच्या क्लासात, ग्रुपातल्या पोरांना एकदा भेटायचं म्हणून. मला वाटलं होतं तुम्ही धिप्पाड असाल. तुम्ही निघालात किडकिडे, पांढरी टोपी, आणि हातात आमच्यासाठी घरून आणलेल्या भरताचा डबा. पोरांनी विचारलं, नाना, तुम्ही आधी काय करायचात? तेव्हा कळलं की तुमची सगळी नोकरी धुळ्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली. तुम्ही ऐटीत म्हणालात, "तुमच्या मॅडमनी जेवढी उत्तरं दिली असतील, तेवढी मी एका लग्नसराईत दिली आहेत."

मग तुम्ही त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितलीत. खिडकीशी येऊन विचारत होता, "भो, चोपडानी गाडी गयी का?" तुम्ही सांगितलं, गेली, पुढची दोन तासांनी. तो तिथंच फतकल मारून बसला. तुम्हांला राहवलं नाही. खिडकीतून वाकून विचारलं, "बाबा, कथा जानं शे तुम्हले?" तर त्याला जायचं होतं अमळनेरला, दवाखान्यात. कुणीतरी सांगून ठेवलेलं की चोपड्याची गाडी अमळनेरवरून जाते, म्हणून तो तेवढीच गाडी विचारत होता, आणि अमळनेरची थेट गाडी त्याच्या समोर धूर सोडत उभी. तुम्ही पोरांना म्हणालात, माणूस कुठं जायचं ते विचारत नाही, त्याला जी गाडी ठाऊक आहे ती विचारतो. मी माझ्या नियमांत लिहिलं होतं, 'शेवटी काय साधायचं आहे ते नमूद करावे.' पोरांनी ते वाचलं होतं आणि कुणालाही कळलं नव्हतं. तुमच्या म्हाताऱ्यानंतर सगळ्यांना कळलं. मी घरी येऊन ते 'नमूद करावे' काढून टाकलं आणि तिथं लिहिलं, 'कुठं जायचंय ते सांगा.' तुम्हांला सांगितलं नाही. तुम्ही नियम वाचत नाही हे मला माहीत होतं.

प्रोग्रामर म्हणून तुम्ही यथातथाच होतात, हे मेल्यावरही खोटं बोलणार नाही. गावातली माणसं रिटायर झाल्यावरही तुम्हांला फोन करायची, "नाना, शिरपूरनी गाडी कव्हय शे?" आणि तुमची दुपारची झोप मोडायची. म्हणून तुम्हांला असा प्रोग्राम हवा होता की कुणी गावाचं नाव टाकलं की फोनच गाडीची वेळ सांगेल. एवढ्यासाठी तुम्ही त्या वयात शिकायला बसलात. कंस उघडायचात तो बंद करायला विसरायचात. अखेर प्रोग्राम चालला. ग्रुपात पेढ्यांचे फोटो टाकलेत, मी 'विषयाबाहेरचे फोटो नकोत' असं लिहायला घेतलं आणि खोडलं. आणि गावकरी? गावकरी आपले फोनच करत राहिले. तुम्ही तक्रार केलीत, पण आवाजावरून तुम्ही खूश होतात.

सुनीताचं मात्र मी तुम्हांला कधी नीट बोलले नाही, ते आज बोलते. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याची पोर. घरची शेती पावसावरची, पाऊस सरला की आईबाप मजुरीला. कॉलेजात जाणारी घरातली ती पहिली. तिनं कुठल्यातरी मोठ्या इंग्रजी फोरमवर प्रश्न विचारला होता. तिथल्या लोकांनी तो बंद केला, आणि एकानं खाली लिहिलं, आधी पुस्तक वाचून ये. मग ती आपल्या ग्रुपात आली, 'राम राम' लिहिलं आणि लगेच पुसून टाकलं. आम्हांला कुणाला ते दिसलंही नाही. पुसलेल्या मेसेजची तेवढी राखाडी खूण राहते, ती तुम्ही पाहिलीत. मला म्हणालात, "कोनीतरी दार वाजाडी गयं." मी म्हटलं, चुकून पडला असेल मेसेज. तुम्ही ऐकलं नाहीत. तिला वेगळं लिहिलंत, राम राम, बसा. तिनं उत्तर दिलं नाही. तुम्ही परत लिहिलंत. शेवटी ती बोलली ती हेच सांगायला, की नाना, मी सोडून देतेय, हे आपल्यासाठी नाही.

तिचा प्रश्न तुम्हांला काडीचा कळत नव्हता. तुम्ही तिला फोनवर नुसतं विचारत बसलात. तू काय केलंस? मग काय व्हायला पाहिजे होतं? मंग काय व्हयनं? ती सांगत गेली, तुम्ही हां हां करत गेलात, आणि सांगता सांगताच तिला स्वतःची चूक सापडली. ती फोनवर ओरडली म्हणे. तुम्ही मला लगेच कळवलंत, "मी बठ्ठं सोडवलं. सगळं! फक्त हां म्हटलं." आज ती पोर ग्रुपात दुसऱ्यांना उत्तरं देते. हे नियमांनी झालं नसतं, नाना. मला तेव्हाही माहीत होतं.

पण सगळीकडे तुमचंच खरं होतं असं समजू नका हं. तो धुळ्याचा पठ्ठ्या आठवतो? रोज येऊन गोड गोड राम राम करायचा, रोज एक छोटा प्रश्न विचारायचा, आणि तुम्ही 'चांगल्या घरचा मुलगा' म्हणून त्याला सगळ्यांकडून उत्तरं मिळवून द्यायचात. तो आपला अख्खा कॉलेजचा प्रोजेक्ट तुकड्या-तुकड्यांनी आपल्याकडून करून घेत होता. मी पकडलं त्याला. भर ग्रुपात म्हटलं, पी हळद आणि हो गोरी असं इथं चालत नाही. तुम्हांला वाईट वाटलं. त्याचं नाही, मी सगळ्यांसमोर बोलले त्याचं. तुम्ही ग्रुप सोडून गेलात. नानांनी ग्रुप सोडला, अशी ती ओळ पडद्यावर आली आणि मला जेवण जाईना. मग काही दिवसांनी तुम्ही परत आलात, जणू बाजाराला जाऊन आलात. त्या मुलाविषयी मात्र अवाक्षर नाही. माझं बरोबर होतं, नाना. आजही आहे. दार उघडं ठेवायचं म्हणजे कुणीही येऊन पातेलं घेऊन जावं असं नाही. यावर तुमच्याशी अजून भांडायचं राहिलंय.

आणि राहिलंय ते शेवटचं भांडण. मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामाला धुळ्याला आले होते, तुम्ही सोनगीर फाट्यावर बोलावलंत. शेवभाजी मागवलीत. रश्शाकडे बघूनच घाम फुटावा अशी. मी भाकरी नुसती कुस्करत बसले होते. तुम्ही विचारलंत, "काय व्हयनं?" आणि मी सगळं सांगून टाकलं. नवी भाषा, शेठ, मीटिंगमधली माझी थाप, सगळं. घरीसुद्धा सांगितलं नव्हतं, तुम्हांला सांगितलं.

तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणालात, "मंग इचार ना ग्रुपात. इचाराले काय लागस?"

मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कुणी करावं? उद्या पोरं म्हणतील, मॅडमला एवढंही येत नाही. मी मशीनला, त्या एआयला, विचारतेय की हल्ली. खरंच विचारत होते. ते बिचारं कधी रागावत नाही, प्रत्येक वेळी छान प्रश्न आहे म्हणतं आणि पानभर उत्तर देतं. उत्तर चिकटवलं की काम भागतं. आपण काय चिकटवलं ते मात्र कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी परत तिथंच.

तुम्ही म्हणालात, "मशीनला सांग ना. चांगलं आहे. पण तू अडलीस हे मशीनला कळून काय उपयोग? माणसांना कळायला पाहिजे." मग म्हणालात, "तू सगळ्यांना उत्तरं देतेस, शैला. तुला कुणी 'बस' म्हटलेलं मी अजून पाहिलं नाही. कारण तू कधी दार वाजवलंच नाहीस."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी भांडले. म्हटलं, तुम्हांला सोपं आहे, तुमचं काय पणाला लागलंय? तुमची नोकरी होऊन गेली. बस आली, तुम्ही हात करून थांबवलीत, कंडक्टरला 'माझी लेक आहे' म्हणून सांगितलंत, जागा करून दिलीत. खिडकीखाली येऊन विचारलंत, "इचारशी ना?" मी म्हटलं, बघू. तुम्ही म्हणालात, "बघू म्हंजे नही." बस निघाली. मी हातसुद्धा हलवला नाही, नाना. रागात होते.

तुम्ही गेल्याचं कळलं ते तुमच्याच नंबरवरून. 'नाना आज सकाळी गेले,' एवढंच. तुमच्या मुलानं लिहिलं होतं. मी वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं, की राम राम कुठाय? तुमच्या नंबरवरून राम रामशिवाय आलेला तो पहिला मेसेज. मग कळलं. मग ग्रुपात पोरांनी काय करावं? कुणी फुलं टाकली नाहीत, श्रद्धांजलीची चित्रं टाकली नाहीत. एकानं लिहिलं, 'राम राम नाना. पारोळा.' दुसऱ्यानं लिहिलं, 'राम राम नाना. साक्री.' मग रांगच लागली, गावामागून गाव. मी ऑफिसात होते. तोंडाला पदर लावून पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन उभी राहिले.

आज तुमच्या दारात मांडवाखाली बसले होते, तर एक म्हातारा आला. जेवला, हात धुतले, तुमच्या मुलाजवळ गेला आणि विचारलं, "शिरपूरनी गाडी कव्हय शे?" तुमच्या सुनेनं डोळ्यांना पदर लावला. मुलाला काही माहीत नव्हतं. मी फोन काढला, तुमचा तो प्रोग्राम उघडला, गावाचं नाव टाकलं, आणि वेळ सांगितली. म्हातारा मला म्हणाला, "तुले कसं ठाऊक, माय?" मी म्हटलं, नानांनीच करून ठेवलंय हे. तो मान हलवून म्हणाला, "मंग नानानीच सांगं ना," आणि निवांत फाट्याकडे चालू लागला.

जळगावला येईपर्यंत बसमध्ये मी हा प्रश्न टाइप केला. खरं सांगू का, आधी काय लिहिलं होतं? 'आमच्या ऑफिसातल्या एका नवीन मुलीला अडचण आहे.' एका नवीन मुलीला! पन्नाशीला टेकलेली नवीन मुलगी. चहा पिता पिता ती ओळ खोडली. आता लिहिलंय, 'मला हे येत नाही.' एवढे चार शब्द लिहायला अख्खा चहा गार झाला.

थांबा, नाना. दाबते.

दाबलं.

खूप वेळ काही नाही. नुसत्या निळ्या खुणा, सगळे वाचतायत आणि कुणी बोलत नाही. मी उठून कपबशी विसळली. परत येऊन पाहिलं तर बोरसे सर टाइप करत होते. मग थांबले. मग परत टाइप करायला लागले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस मला एखादी लिंक फेकून मारणार. आणि त्यांचं आलं ते असं: "ताई, हे मलाही नीट कळत नाही. क्लासात पोरांना पाठ केलेलं सांगतो आणि पुढच्या धड्यावर जातो. कुणी विचारू नये म्हणून देवाचं नाव घेत असतो."

बोरसे सर! अहो, ज्यांच्या उत्तरांना मी स्वतः घाबरायचे, ते बोरसे सर! मी एकटीच खुर्चीत मोठ्यानं हसले. मग खालून एक आला, 'मलापण'. दुसरा, 'मलापण, मॅडम'. नोकरीला लागलेली पोरं, कंपनीत बसलेली पोरं, सगळी हळूहळू बाहेर यायला लागली. ही सगळी इतके दिवस होती कुठं? आणि मग तुमचा तो असोद्याचा मुलगा, ज्याला तुम्ही घाबरू नको म्हणाला होतात, तो लिहितो, "मॅडम, रागावू नका, पण पूर्ण कोड टाकता का? दोन ओळींवरून सांगता येत नाही." बघा! माझाच नियम, आणि मीच मोडलेला. मी म्हटलं, चुकलं, टाकते.

टाकलं. त्यानं पहिल्यापासून समजावलं. वजन मागवायचं आणि ते येईस्तोवर थांब असं वेगळं सांगायचं, ही नवी पद्धत आपण सांगितल्याशिवाय थांबत नसते. मला एकदा कळलं नाही, मी परत विचारलं. नाना, परत विचारलं! त्यानं परत सांगितलं. बोरसे सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. दिवेलागणीच्या आधी माझ्या फोनवर काट्यावरचं वजन आलं. कोरं नाही, आकडा. उद्या शेठना सांगणार आहे, मागच्या वेळी थाप मारली होती, मला येत नव्हतं. आजपासून येतंय, आणि जिथं येणार नाही तिथं विचारेन, मला विचारायला माणसं आहेत. त्यांनी मग मला कुठं बसवायचं तिथं बसवावं.

एक राहिलं. ग्रुपातल्या पोरांची माझी नेहमीची तक्रार काय? उत्तर मिळालं की गायब होतात. ज्याचं ऐकून काम झालं त्याला सांगावं की बाबा, तुझं लागू पडलं. नाहीतर तो बिचारा तिकडे वाट पाहत राहतो, जमलं की नाही त्याला. एवढी साधी रीत पाळत नाहीत म्हणून मी किती जणांवर ओरडलेय. तर आता मलाही ती पाळलीच पाहिजे. नाना, विचारलं. कुणी हसलं नाही. मला सगळ्यांनी बसा म्हटलं. तुमचं बरोबर होतं, आणि माझं चुकलं होतं. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा असं सरळ लिहितेय, आणि आता मला एकच विचारायचंय. हे पाठवू कुणाला?